आडवं पडण्याचा नियम

डोब्रिन, ९ जानेवारी

लारिसा,

तुझं परिपत्रक पोचलं. वर लिहिलंय, 'प्रिय रिंक व्यवस्थापक'. खाली तुझी सही, तीसुद्धा छापलेली. मी तुझा बाप आहे. सहा वर्षांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलं पत्र, आणि तेही आणखी चाळीस गावांच्या रिंकांना जसंच्या तसं गेलेलं. डार्सीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. 'व्यवस्थापक' म्हणताना मला कडक सलाम ठोकला. तुझा भाऊ अजून तसाच आहे.

तर तुमच्या मोठ्या लीगला वाटतं की बर्फावरची हॉकी कंटाळवाणी झाली आहे. टोरंटोत चोविसाव्या मजल्यावर, काचेआड बसून कुणालाही काहीही कंटाळवाणं वाटेल. इथे शनिवारी दुपारी ये. बाहेर उणे चौतीस असतं, गावात माणसं सहाशे आणि रिंकमध्ये चारशे. उरलेल्या दोनशेंपैकी निम्मी आजारी असतात आणि निम्मी शेजारच्या केलबर्न गावाच्या बाजूची म्हणून तोंड लपवून घरी बसलेली.

तुमचे नियम वाचले. गोलची चौकट दोन्ही बाजूंनी वीतवीत रुंद करायची म्हणे, कारण गोल कमी होतात. मग आपल्या चर्चचं दारच काढून लावा तिथे, वाजतगाजत मिरवणूक जाईल आतून. शिक्षा झालेल्या खेळाडूने, समोरच्यांनी गोल केला तरी, पुरती दोन मिनिटं बाहेर बसायचं. एक माणूस कमी असताना रबरी चकती दुसऱ्या टोकाला भिरकावून दम खायचा नाही. बरोबरी झाली तर दोन्हीकडे तीन-तीनच माणसं ठेवून गोल होईपर्यंत झुंजायचं. हे सगळं मी एक वेळ हसून सोडून दिलं असतं.

पण पाचवा नियम! 'गोलरक्षकाखेरीज कोणत्याही खेळाडूने चकती अडवण्यासाठी बर्फावर आडवे पडू नये. पडल्यास दोन मिनिटे शिक्षा. हेतू : अधिक गोल, अधिक उत्कंठा.'

हा नियम कुणी लिहिला ते मला सहीशिवायही कळलं असतं. उत्कंठेचं नाव पुढे करू नकोस. मला माहीत आहे तुला काय म्हणायचंय, आणि तुला माहीत आहे की मला ते माहीत आहे.

ऐक. मला वेगाने पळता येत नव्हतं. माझा फटका गोलरक्षकापर्यंत पोचेस्तोवर तो एक जांभई देऊन घ्यायचा. धंदेवाईक हॉकीत अकरा हंगाम काढले, त्यात चार सामने मोठ्या लीगमध्ये, आणि सगळे मिळून माझे गोल नऊ. पण समोरून ताशी दीडशेच्या वेगाने रबरी चकती सुटली, की मी तिच्या वाटेत आडवा पडायचो. जबडा, तीन बरगड्या, डावा घोटा, उजवा गुडघा, सगळं त्यात गेलं. तेवढं एकच मला येत होतं, लारिसा. त्या एका गोष्टीवर मी घर बांधलं, तुझ्या आईला मागणी घातली आणि तुला शिकायला टोरंटोला पाठवलं. आता तिथेच बसून तू त्या गोष्टीला दोन मिनिटांची शिक्षा ठरवते आहेस.

तर माझं उत्तर लिहून घे : नाही. डोब्रिनच्या बर्फावर तुमचा चाचणी सामना होणार नाही.

डार्सीबद्दल तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. तो मजेत आहे. त्या दिवशी तो पडला तो स्वतःच्या मनाने, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. पुन्हा पुन्हा काय सांगायचं?

आणि भांडं परत पाठव. ते संघाचं आहे. सहा वर्षं भिंतीवरचा खिळा नुसता आहे.

ओरेस्ट बारानयुक
(व्यवस्थापक)


डोब्रिन, २१ जानेवारी

लारिसा,

'आपला नकार नोंदवला आहे. धन्यवाद.' एवढंच? मी चार पानं लिहिली, हाताने, आणि तुझ्या ऑफिसातल्या यंत्राने मला धन्यवाद दिले?

असो. नकार खोडून टाक. सामना डोब्रिनलाच होणार.

आनंदाने उड्या मारू नकोस, कारण सांगतो. परवा कॉफीला गेलो होतो, तर केलबर्नचा एल्मर पेनर तिथे आधीच ठाण मांडून. अजून त्यांचा कोच तोच आहे, जसा आमचा मी. आमच्याच गावात येऊन आमचीच खुर्ची अडवतो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काय रे ओरेस्ट, पोरीच्या नियमांना घाबरलास म्हणे?"

म्हटलं, "घाबरतोय कोण? मला चाळे आवडत नाहीत."

"नाही, तुझंही बरोबर आहे. आडवं पडायचं नाही म्हटलं तर तुझ्या पोरांनी करायचं काय? उभं राहून हॉकी कशी खेळतात हे तुझ्याकडे कुणाला माहितीये?"

आख्खी कॉफीची खोली हसली. पिढीर्नी आजीसुद्धा हसली, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, तोंडात दात नाहीत. मग मी म्हटलं, "दोन फेब्रुवारी, शनिवार, दोन वाजता. पोरं घेऊन ये आणि रुमालही आण." एल्मर म्हणाला, "मी यायला एका पायावर तयार आहे."

तेव्हा हा सामना मी तुझ्यासाठी करत नाही. तुझे नियम किती पोकळ आहेत ते तुझ्याच नमुन्यात, तुझ्याच रकान्यांत भरून पाठवणार आहे. सात प्रश्न आहेत ना? साती प्रश्नांची उत्तरं मिळतील.

भांड्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तुला कदाचित वाटत असेल, म्हाताऱ्याला एका निळ्या टवके उडालेल्या पातेल्याचं काय एवढं. तुला मी ती गोष्ट कधी धड सांगितलीच नाही. तू ती ड्रेसिंग रूमच्या दाराबाहेरून ऐकलीस, जशी मुलींनी तेव्हा सगळंच ऐकलं.

मी एकोणीस वर्षांचा होतो. केलबर्नविरुद्धच, शेवटच्या मिनिटाला घोट्यावर चकती घेतली. घोटा असा सुजला की बुटाची नाडी कापावी लागली. पिढीर्नी आजी तेव्हा तरुण होती. चर्चच्या स्वयंपाकघरात सामन्यानंतरच्या जेवणाची तयारी चालली होती, तिथून ती बीटाच्या बोर्श्ट सूपचं रिकामं पातेलं घेऊन धावत आली, बाहेरचा बर्फ त्यात कोंबला आणि माझा पाय आत घातला. पोरांनी ते बघितलं आणि काठ्या जमिनीवर आपटायला सुरुवात केली. धडधड, धडधड. छतावरची धूळ पडेपर्यंत. तुझी आई दारात उभी होती. तिने मला पहिल्यांदा तिथे बघितलं, एक पाय पातेल्यात.

तेव्हापासून जो आडवा पडतो आणि सामना वाचवतो, त्याला ते पातेलं मिळतं. डोक्यावर घालायचं आणि बाकीच्यांनी काठ्या वाजवायच्या. डोब्रिनमध्ये दुसरं कुठलंही बक्षीस कुणाला नको असतं.

डार्सीला ते लहानपणापासून हवं होतं, हे तर तुला माहीतच आहे.

बाबा


डोब्रिन, ३ फेब्रुवारी

लारिसा,

सामना झाला. नमुना भरून सोबत जोडला आहे. थोडक्यात :

प्रश्न एक, प्रेक्षकसंख्या. चारशे एकसष्ट. यात तुझ्या नियमांचं काही कर्तृत्व नाही. मी एल्मरला रडवणार अशी आवई उठली होती.

प्रश्न दोन, गोलसंख्या. आठ-सात. एरवी आमच्याकडे तीन-दोन होतं, ते सभ्य असतं. गोलाला वीतवीत लाकूड जोडायचं काम डार्सीने केलं. आमच्या गोलरक्षकाने सामन्याआधी ते बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

प्रश्न तीन, पुरत्या दोन मिनिटांच्या शिक्षेचा परिणाम. केलबर्नचा एक आडदांड बाहेर बसला असताना आम्ही तीन गोल केले. हा नियम तितकासा वाईट नाही, असं काही लोक म्हणत होते.

प्रश्न चार, एक माणूस कमी असताना चकती लांब टाकण्याची बंदी. पोरं दमली. बाकी काही नाही.

प्रश्न पाच, तीन-तीन जणांची जादा वेळ. चार मिनिटं चालली. आम्ही जिंकलो. लोकांनी थोडाफार आरडाओरडा केला.

प्रश्न सहा, 'उत्कंठा, दहापैकी'. चार.

प्रश्न सात रिकामा ठेवलाय. जागा कमी होती.

भांड्याचं काय झालं?

बाबा


डोब्रिन, १५ फेब्रुवारी

लारिसा,

नमुना परत आला. सातव्या प्रश्नाभोवती लाल पेनाने गोल, आणि शेजारी तीन शब्द : 'हाही भरा, कृपया.'

तुझं अक्षर. 'ह'ची शेपटी अजून खाली लोंबते तुझी, शाळेत असल्यापासून. मी तो कागद स्वयंपाकघरात मीठदाणीला टेकवून ठेवला आहे. मला राग आलाय म्हणून ठेवलाय, बाकी काही समजू नकोस.

आधी सहाव्या प्रश्नाचं. चार खोडून नऊ कर. माझा घसा बसलाय, तेरा दिवस झाले तरी आवाज येत नाही. सात-सात असताना पिढीर्नी आजी बाकावर उभी राहिली आणि तिच्या हातातली बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगीची थाळी खालच्या रांगेत केलबर्नच्या डॉक्टरवर रिकामी झाली. डॉक्टरने डोक्यावरची पेरोगी काढून खाल्ली, पण नजर बर्फावरून हलवली नाही. शेवटचा गोल झाला तेव्हा मी एल्मरला मिठी मारली. एल्मर पेनरला! तो हरला होता आणि तोही मला मिठी मारत होता. हे गावात कुणाला कळवू नकोस, म्हणजे गावाने बघितलंच आहे, पण कागदावर नको.

तरी रुंद गोल मला मान्य नाही. तो चोरांचा गोल आहे. याच्यावर मी मरेपर्यंत तुझ्याशी भांडेन.

आता सात. 'खेळाडू आडवे पडण्याचा प्रसंग आला का? आल्यास, खेळाडू का पडला?'

आला, एकदा. तिसऱ्या सत्रात केलबर्नच्या लांब फटक्यासमोर आमचा ब्रेंट मारुश्चाक पडला. चकती त्याच्या खांद्यावरून गेली, लागली नाही. पंचाने शिट्टी मारली, दोन मिनिटं. ब्रेंट बावीस वर्षांचा आहे, लहानपणापासून माझ्या हाताखाली शिकला. सवयीने पडला. लिही : सवय.

एवढंच आहे. आता समाधान झालं?

तू अजून त्या हॉस्पिटलातच उभी आहेस, हे मला कळतं. तुला वाटतं, हा माणूस दगड आहे. चकती लागून पोराचा डावा डोळा गेला, पट्ट्यांत गुंडाळून पडलंय, आणि बाप सास्काटूनपर्यंत दोन तास गाडी हाकत येतो तो पातेलं घेऊन. मागून सगळा संघ येतो, वॉर्डाच्या बोळात काठ्या वाजवतो आणि नर्सेस किंचाळतात. मी ते पातेलं त्याच्या पांघरुणावर ठेवलं, आणि त्याच वेळी तू विमानतळावरून थेट आत आलीस, कोट न काढता.

लारिसा, माझ्याकडे दुसरं काय होतं? फुलं घेऊन आलो असतो तर बरं दिसलं असतं, हे आता कळतं. पण आमच्याकडे माणसाने असं काही केलं की हेच देतात. यापेक्षा मोठं आमच्याकडे काही नाही. मला वाटलं, त्याला हे मिळालं नाही तर त्याचा डोळा फुकट गेला.

तू पातेलं उचललंस, मला बोळात नेलंस आणि एकच प्रश्न विचारलास. मी उत्तर दिलं. तू म्हणालीस, "यापुढे मला फोन करू नका," आणि पातेलं काखेत मारून निघून गेलीस. लिफ्टचं दार बंद होताना ते दाराला आपटून वाजलं.

मी उत्तर दिलं होतं, लारिसा. आता पुन्हा कशाला लाल गोल?

बाबा


डोब्रिन, २२ फेब्रुवारी

लारिसा,

मागचं पत्र टाकलं त्याच संध्याकाळी डार्सीने माझ्याशी बोलणं काढलं. मला ते लिहून काढायचंय.

डार्सी बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतो, हे तुला ठाऊक आहे का? चार वर्षं झाली. चांगलं चालवतो. फक्त डाव्या बाजूला, रिंकभोवतीच्या फळीच्या कडेने, दरवेळी हातभर पट्टी सुटते. तिकडचं त्याला दिसत नाही. रोज सकाळी तो यायच्या आधी मी खरवडणी घेऊन जातो आणि ती पट्टी हाताने साफ करतो. कधी बोललो नाही. त्याला माहीत नाही असं धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळी मी रिंकच्या काउंटरवर टोकन मोजत होतो. तो आला, हातमोजे काढले आणि माझ्यासमोर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसला. म्हणाला, "बाबा, तुम्ही ताईला ब्रेंटबद्दल काय लिहिलंत?"

"सवय म्हणून लिहिलं."

"सवय?"

"मग काय लिहू?"

"बाबा, चारशे एकसष्ट माणसांनी ऐकलं ते. तुम्ही बाकावरून ओरडलात, 'पड!' आणि ब्रेंट पडला. शिट्टी वाजल्यावर तो हसत उठला आणि म्हणाला, 'अहो कोच, तुम्हीच ओरडलात की!' सगळं रिंक हसलं. तुम्ही नाही हसलात. मी बघत होतो, सामन्याच्या घड्याळाच्या खोलीतून. मला एकच डोळा आहे पण तो चांगला आहे."

मी टोकन मोजत राहिलो. तेच तेच मोजत होतो.

मग तो म्हणाला, "मीही ऐकलं होतं."

"काय?"

"त्या वर्षी. केलबर्नविरुद्ध, उपांत्य सामन्यात. दीड मिनिट उरलं होतं आणि आपण एकाने पुढे होतो. त्यांच्या वेनने काठी मागे खेचली. मी उभाच राहणार होतो, बाबा. कोन चांगला होता. गोलरक्षकाला चकती दिसत होती, मी आड नसतो तर त्याने ती आरामात घेतली असती. मग तुमचा आवाज आला, 'पड!'"

तुला हे वाचताना जेवढा वेळ लागला तेवढाच मला ऐकताना लागला. फार नाही लागला.

मी विचारलं, "मग ताईने नंतर फोनवर तुला विचारलं तेव्हा तू का म्हणालास, मीच ठरवलं म्हणून?"

"तुम्ही बोळात तिला 'नाही' म्हणालात, ते मला आत ऐकू आलं. डोळा गेला होता, कान नाही. म्हटलं, तिने आता माझ्याकडून खरं ऐकलं तर आपल्या घरात फक्त दोनच माणसं उरतील आणि तीही एकमेकांशी बोलणार नाहीत." बी फोडली आणि म्हणाला, "तरी शेवटी दोनच उरली म्हणा."

"आणि सहा वर्षं गप्प राहिलास?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. तुम्ही पट्टी खरवडत बसलात."

"तुला माहीत आहे?"

"बाबा, आता दोन वर्षं मी ती पट्टी मुद्दाम सोडतो. मान वळवली की दिसते मला. पण तुम्हाला सकाळी काहीतरी काम लागतं."

मग मी रडलो. काउंटरवर टोकनांत डोकं ठेवून रडलो. तुझी आई गेली तेव्हा रडलो नव्हतो, याचाही तू मला राग धरलास, तर आता दोन्ही मिळून मांड.

हे तुझ्या सातव्या प्रश्नाचं उत्तर. खेळाडू का पडला? मी ओरडलो म्हणून पडला. दोघेही, ब्रेंट आणि डार्सी. बोळात तू विचारलंस, "तुम्ही सांगितलंत त्याला पडायला?" मी म्हटलं, "नाही." खोटं बोललो. त्याला मोठ्या लीगच्या येत्या शरद ऋतूतल्या सराव शिबिराचं बोलावणं आलं होतं, ते पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं, आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. नंतर ते इतक्यांदा म्हटलं, की मलाच सामना वेगळा आठवायला लागला. त्या आठवणीत मी तोंड मिटून उभा असतो.

एक आणखी सांगतो, मग झालं. तू म्हणशील, म्हातारा वरमला, आता नियमाला हो म्हणेल. मी वरमलेलो नाही. मी पडलो ते स्वतः पडलो. प्रत्येक वेळी, अकरा हंगाम. कुणी ओरडायला नव्हतं. त्याची मला शरम नाही आणि मी ती वाटूनही घेणार नाही, तुझ्या समितीसमोरही नाही. पण त्या बाकावर उभं राहून दुसऱ्याच्या पोराला, स्वतःच्या पोराला, 'पड' म्हणायला काही लागत नाही. आणि हे मला माहीत असूनसुद्धा मी दोन तारखेला पुन्हा ओरडलो. नियम तिथे छापलेला होता, शिक्षा ठरलेली होती, तुझं नाव कागदावर होतं, आणि तरी माझ्या तोंडून तेच आलं. माझ्यासारख्याचं तोंड असं बंद होत नाही. त्याला शिट्टीच पाहिजे.

तेव्हा तो पाचवा नियम करा. पण त्याचा हेतू म्हणून 'उत्कंठा' लिहू नका. खरं कारण लिहा, नाहीतर मी मान्य करणार नाही.

तुझा बाप


डोब्रिन, ४ मार्च

लारिसा,

आज तुमच्या सुनावणीचं बोलावणं आलं. चौदा मार्च, टोरंटो, प्रत्येक रिंक व्यवस्थापकाला बोलायला तीन मिनिटं. चाळिसांना गेलं असणार, तोच कागद, तोच छापील मजकूर. फक्त 'प्रिय रिंक व्यवस्थापक' यावर निळ्या पेनाने काट मारलीय आणि वर लिहिलंय, 'बाबा'.

डार्सीने तो बघितला आणि या खेपेस सलाम ठोकला नाही. तो येणार नाही. म्हणतो, "तुमचं दोघांचं तुम्ही बघा, मी बर्फ बघतो." पट्टी त्याने आज सकाळी सोडली नाही. मी खरवडणी घेऊन गेलो तर सगळं रिंक लख्ख होतं, या फळीपासून त्या फळीपर्यंत. मी जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

विमानात मी बसणार नाही, हे तुला माहीत आहे. सास्काटूनहून रेल्वे पकडतो. दोन दिवस दोन रात्री लागतात, तरी अकराला निघतो, वेळेआधी पोचतो. पिढीर्नी आजी सोबत पेरोगी देणार आहे, त्यातल्या निम्म्या तुझ्या, असं तिने बजावलंय. एल्मरने टाय दिला आहे. हिरवा आहे, केलबर्नचा रंग. मला वाटतं त्याने मुद्दाम दिला.

तीन मिनिटांपैकी मला जे सांगायचंय ते अर्ध्या मिनिटात संपेल. उरलेल्या अडीच मिनिटांत मी तुझ्या रुंद गोलाची सालटी काढणार आहे, तेव्हा तयारीत राहा. बाप आहे म्हणून सूट देऊ नकोस, मीही देणार नाही.

येताना भांडं आण. मला परत नकोय ते. तो खिळाही मी काल काढून टाकला. पण ते अर्धं मिनिट बोलताना मला हातात काहीतरी धरावं लागेल.

बाबा